दोन वाजताचा पाक

१७ फेब्रुवारी, सोमवार

अर्पितानं ही वही खाद्याची नोंद ठेवायला दिली आहे. पहिल्या पानावर तिनं पट्टी लावून रकाने आखले: मका, ढेप, कोंडा, चुरी, शिंपले. मक्याच्या रकान्यात आज काही लिहिता येत नाही, कारण मका मिळाला नाही. व्यापारी म्हणतो, यंदाचा मका इथेनॉलच्या कारखान्याला गेला, आता तो गाड्यांच्या टाकीत जाणार. संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून मी त्याचाच विचार करत राहिलो. जो दाणा खाऊन कोंबडी पंख झटकते, त्याच दाण्यावर कोणाची तरी गाडी पिंपळगाव राजाचा चढ चढणार. ताकद तीच असावी. देव ती फक्त एका घरातून दुसऱ्या घरात ठेवत असेल.

रकाना रिकामा होता म्हणून त्यात हे लिहिलं. पोरगी रागावेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीनशे कोंबड्या अर्पिताच्या आहेत. अकोल्याहून कुक्कुटपालनाची पदविका घेऊन आली आणि शेतातल्या विहिरीजवळ तिनंच शेड उभं केलं. मी माळकरी माणूस. अंडं खाणं सोडाच, आमच्या घरात टरफलसुद्धा येत नाही. पण पोर एकटी पन्नास किलोचं पोतं ओढताना पाहवलं नाही, म्हणून एक दिवस मी पोत्याचं दुसरं टोक धरलं. ते अजून सुटलेलं नाही. दीड वर्ष झालं.

मक्याच्या जागी कोंडा वाढवला तर कोंबड्यांचं पोट भरतं, अंगात ताकद येत नाही. अंडी दीडशेवरून नव्वदवर आली. अर्पिता जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना विचारून आली. त्या म्हणाल्या, मिठाईवाल्यांकडे साखरेचा पाक उरतो, तो खाद्यात मिसळून बघा. शंभर किलोला पाच किलो, त्याच्यावर नाही. साखरेत ताकद आहे, पण साखर म्हणजे जेवण नव्हे, सोयाबीनची ढेप कमी करू नका.

पाक म्हटल्यावर मी हसलो. बावीस वर्षं आमच्या मारुतीच्या सप्ताहातला बुंदीचा पाक माझ्या हातचा असतो. चैत्री पौर्णिमेला चार गावं जेवतात. लस, तूस, औषध यातलं मला काही कळत नाही, पण पाक मला कोणी शिकवू नये. हे अभिमानाचं झालं. राहू दे, खरं आहे.

"पाहा, देवानं बरोबर तुमच्याच हातात आनून देलं," अन्नपूर्णा म्हणाली. माझी बायको टोमणाही देवाचं नाव घेऊन मारते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खामगावचा राजकुमार हलवाई ओळखीचा आहे. त्यानं गुलाबजामचा उरलेला पाक दोन डबे भरून दिला. म्हणाला, "हिंमतराव, आतापर्यंत नालीत जात होता. तुमच्या कोंबड्या नशीबवान हायत, आमच्या सासऱ्याले तं डॉक्टरनं चमचाभर देऊ देला नाई."

मोटारसायकलवर डबे बांधून येताना सगळ्या रस्त्याला गुलाबाचा आणि वेलचीचा वास होता. एका वळणावर मला वाटलं, वासच पुढे चालला आहे आणि मी त्याच्या मागे बसलो आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चूक माझी झाली, ती इथं लिहून ठेवतो.

डब्यातला पाक पातळ होता. मला तो कोणीतरी अर्ध्यावर सोडलेल्या कामासारखा दिसला. मी काल चूल पेटवली, मळी काढली, सावकाश आटवला आणि चांगला दोनतारी केला. बोटात धरून पाहिला तर अशी सुंदर तार, की अन्नपूर्णालाही बोलावून दाखवली. मग तो पाक खाद्यावर ओतून कालवला आणि झाकून ठेवला.

आज सकाळी त्याची शिळा झाली होती. अर्पितानं दगडानं ठोकून पाहिलं.

"बाबा, हे खाद्य हाय का चिक्की?"

मी म्हटलं, "फोडून देऊ."

"अन् चावतीन कशानं? दात कुठी हायत त्याइले?"

एका कोंबडीच्या पायाला गोळा चिकटला. तो सुटेपर्यंत ती शेडभर खडखड वाजवत फिरली आणि बाकीच्या तिला वाट देत होत्या. ज्याला पाक येत नाही त्याच्या हातून ही चूक झालीच नसती.

आता रीत समजली. पाक उकळायचाच नाही. कोमट पाण्यात पातळ करून कोंड्यावर शिंपडायचा आणि दोन्ही तळव्यांनी चोळायचा. मुठीत धरला तर गोळा व्हावा, सोडला तर मोडावा. बावीस वर्षं मी तार जोडायला शिकलो, ती आता या वयात मोडायला शिकतो आहे.

२ मार्च, रविवार

एकशेचाळीस अंडी.

सकाळी खाद्य टाकून मी आत उभा राहिलो. जाळीतून तिरपं ऊन आलं, त्यात खाली अंथरलेल्या तुसाची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. कोंबड्यांनी खाल्लं, पाणी प्यायल्या, मग एकेक खाली बसली आणि डोळे अर्धे मिटून हलका घशातला आवाज काढू लागली. तीनशे गळ्यांचा तो एकच आवाज. काकड्याला टाळ सुरू होण्याच्या आधी माणसं जशी आपापल्या मनात गुणगुणतात, तसा. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. अर्पिता येऊन म्हणाली, बाबा, पाण्याचं भांडं भरून वाहून राह्यलं.

६ मार्च, गुरुवार

हात सैल सुटला. पाच किलोच्या जागी आठ-नऊ किलो जात होता. सप्ताहात वाढताना मी कधी मोजून वाढलं नाही, समोरचा पुरे म्हणेल तेव्हा थांबायचं. कोंबड्या पुरे म्हणत नाहीत. परिणाम असा की तीन दिवस त्यांची विष्ठा पातळ झाली, तूस ओलं झालं, शेडला आंबूस वास आला. आज आम्ही दोघांनी सगळं तूस उपसून नवं पसरलं. अर्पितानं भिंतीवर खडूनं मोठा पाच काढून ठेवला आणि त्याच्याभोवती गोल केला.

१० मार्च, सोमवार. एकादशी

आज माझा उपास. स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला धान्य चारताना मनात आलं, आजच्या दिवस यांनाही नुसता पाक आणि पाणी दिलं तर? आपण नाही का साखरपाण्यावर राहत. अर्पिताला विचारलं.

"बाबा, त्या माळकरी नाईत," ती म्हणाली.

तेही खरं.

१६ मार्च, रविवार

तानुबाई भाजीची टोपली घेऊन येते आणि जाताना मेथीखाली अंडी घेऊन जाते. तिच्याकडूनच गावात वाटली जातात. आज सांगत होती, पाटलाच्या आळीत आठ घरं धरली. उत्तमच्या घरी दिवसाआड सहा लागतात.

उत्तम म्हणजे उत्तमराव, आमच्या सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर बसलो. मी म्हटलं, त्याच्या घरी कशाला? ती म्हणाली, त्याची सून सांगते कुत्र्याला लागतात.

"ते कुत्रं तं पोळ्यालेच मेलं, हिंमतभाऊ," तानुबाई म्हणाली.

मग पाहुणे येत असतील. त्याचं घर मोठं आहे, माणसांची ये-जा असते. तानुबाई माझ्याकडे बघत राहिली आणि मग मेथी नीट करू लागली.

२४ मार्च, सोमवार

सप्ताहाची बैठक परवा झाली असं ऐकलं. मला बोलावणं आलं नाही. उत्तमला वाटलं असेल, याला काय सांगायचं, हा येणारच आहे. पाच तारखेला सप्ताह बसतो. मी माझी पळी आणि झारा काढून चिंचेनं घासून ठेवला.

मंदिरामागे एक तरुण मुलगा टेपनं मोजमाप घेत होता. दीपक नाव, नांदुऱ्याकडचा, लग्नाची जेवणं करतो, गॅसच्या मोठ्या शेगड्या आहेत त्याच्याकडे. मदतीला बोलावला असेल. बरं झालं, मला आता कढई उतरवताना कंबरेत भरतं.

घरी सांगितलं तर अन्नपूर्णा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अर्पिता म्हणाली, "बाबा, कोंबड्या इकून टाकू का?"

मी म्हटलं, "काऊन? एकशेसाठ अंडी येऊन राह्यली."

"असंच इचारलं."

तरुण मुलांच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

ऊन बेचाळीसवर. दुपारी कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या राहतात. चार मेल्या. अशा उन्हात त्या खात नाहीत, आणि खात नाहीत म्हणून अंगातली ताकद संपते, असं डॉक्टर बाईंनी फोनवर सांगितलं. त्यांनी उपाय सांगितला: दुपारी दोनला पाण्यात थोडा पाक, चिमूट मीठ आणि लिंबू. तासाभरानं भांडी काढून धुवायची, नाही तर पाणी आंबतं आणि मुंग्या धरतात. त्याच वेळी जाळीवरची पोती भिजवायची आणि ज्या पडल्या असतील त्यांना उचलून चमच्यानं पाजायचं. हे एकट्या माणसाचं काम नाही. अर्पिता पोती भिजवते, मी पाक करतो आणि पाजतो.

कडुनिंबाची पानं मी आज गुढीला वाहिली आणि उरलेली जाळीला बांधली. त्यानं काही होतं का माहीत नाही. सावली तरी दोन पानांची पडली.

२ एप्रिल, बुधवार

उत्तम आला होता. शेडपासून लांब, मोटारसायकल चालूच ठेवून थांबला. मी हात धुऊन गेलो.

"हिंमत्या, कमिटीत खूप बोलणं झालं लेका. लोक म्हनतात, जो मानूस दिवसभर कोंबड्यात राह्यते त्यानं मारुतीच्या कढईले हात लावू नये."

मी म्हटलं, "कोन म्हनते?"

"कोन म्हनते ते सोड. मी रस्ता काढला. पाच तारखेले सगळ्याइच्या समोर तुले इचारतो, कोंबड्या कोनाच्या? तू म्हन, पोरीच्या. झालं. खोटं थोडी हाय? अन् आठ दिवस तिकडं फिरकू नको."

खोटं नाहीच. कोंबड्या पोरीच्याच आहेत. मला फार हलकं वाटलं. जाताना तो म्हणाला, "एवढंच म्हन. जास्त बोलू नको. तुले जास्त बोलाची सवय नाई, तरी सांगून ठेवतो."

अर्पिताला सांगितलं. ती म्हणाली, बाबा तुम्ही जा, मी पाहून घेईन. अन्नपूर्णानं धोतर काढून पुन्हा धुतलं. ते धुतलेलंच होतं.

५ एप्रिल, शनिवार

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो. माझं कुठं चुकलं ते मला अजून नीट सापडत नाही.

सकाळी आंघोळ, पूजा, नवं धोतर. मंदिरात गेलो तर मंडपात सगळी कमिटी बसलेली, कीर्तनकार महाराजही आलेले. कढई लिंपून, हळदकुंकू लावून ठेवली होती. बाजूला दीपकच्या शेगड्या. उत्तम उभा राहिला आणि ठरल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "हिंमतराव, कोंबड्या कोनाच्या हायत?"

मी म्हटलं, "पोरीच्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. महाराजही हसले. मी कढईला नमस्कार करायला वाकलो. तेवढ्यात दीपकनं विचारलं, बिचाऱ्यानं साधंच विचारलं, "काका, मंग तुम्ही आता पूर्ण दिवस इथंच ना? म्हंजे मी एकच मानूस जास्तीचा आनतो."

मी म्हटलं, "दोन वाजता मले जावं लागते. पाकाचं पानी द्यावं लागते, नाई तं त्या मरतात. तीनच्या आत वापस येतो."

उत्तमनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं उन्हानं त्रास झाला असेल. मग कमिटीतले दोघेतिघे एकदम बोलू लागले, महाराज म्हणाले जे ठरवायचं ते शांतपणे ठरवा, आणि थोड्या वेळानं माझ्या हातात नारळ देण्यात आला. यंदा तुम्ही विश्रांती घ्या, भजनात बसा, असं सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर उत्तम मागून आला. "एक शब्द सांगतला होता बे तुले. एक."

"तो तं म्हटला ना मी."

तो आत गेला. तो का रागावला? त्यानं सांगितलं तेवढं मी म्हटलंच, त्यात फक्त दोन वाजताचं घातलं. ते नसतं सांगितलं आणि दोनला उठून गेलो असतो, तर लोक म्हणाले असते, कुठं गेला.

घरी आल्यावर नारळ देवापुढे ठेवला. मग दोन वाजले.

६ एप्रिल, रविवार

एकही मेली नाही.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी

भजनात बसायला गेलो नाही. मंदिराचा भोंगा शेडपर्यंत ऐकू येतो. वाऱ्याबरोबर अभंगाचा एक चरण येतो, दुसरा येत नाही. मधली जागा कोंबड्या भरून काढतात.

आज पाकात हात घालून चोळताना मला रडू आलं. कारण काहीच नव्हतं. आणि मग एकाएकी कळलं की कारण होतं. मला विश्रांती दिलेली नाही, मला काढलं आहे. ते शनिवारीच झालं होतं. माझ्यापर्यंत यायला तीन दिवस लागले. अन्नपूर्णाला आणि अर्पिताला ते पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं, तानुबाईलाही, बहुधा कोंबड्यांनाही.

बावीस वर्षं मी त्या कढईजवळ उभा राहिलो. पाक तारेवर यायच्या आधी एक क्षण असतो. सगळा मंडप, पंगती, आरोळ्या लांब जातात आणि पाकाचा आवाज तेवढा उरतो. दुसऱ्या कुठल्या वेळी मला देव इतका जवळ वाटलेला नाही. गाभाऱ्यातही नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. वहीला सांगतो.

त्यांचं चूक म्हणवत नाही. माझंही म्हणवत नाही. मी दोनला मंदिरात असतो तर शेडचा विचार केला असता, आणि आता शेडमध्ये मंदिराचा करतो. माणूस जिथं असतो तिथं पुरता नसतोच.

अर्पितानं माझे डोळे पाहिले. म्हणाली, "मिठाचे हात लागले का डोळ्याले?" मी हो म्हटलं. तिनं स्वच्छ पाणी आणून दिलं आणि मी डोळे धुतले.

११ एप्रिल, शुक्रवार

उद्या काला. आज बुंदीचा दिवस.

दीडच्या सुमाराला उत्तम मोटारसायकलवर आला, हातात स्टीलचा डबा. या वेळी लांब थांबला नाही, सरळ जाळीला येऊन टेकला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"पयली कढई गेली. गॅसची आग मोठी, पोराले अंदाज आला नाई. बुंदी दगड झाली. आता दुसरी लावली, हे पाय, आला का पाक?"

डब्यात मी पाहिलं. "उत्तम, वाटेत निवलेला पाक खोटी तार दाखवते. याच्यावरून काई सांगता येत नाई."

"मंग चाल."

"दोन वाजून राह्यले."

त्याचं लक्ष आत गेलं. कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या. अर्पिता ओली पोती खांद्यावर घेऊन शिडीवर होती. एक पांढरी कोंबडी माझ्या काखेत होती आणि तिची मान लुळी पडत होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"फोन करतो," एवढं म्हणून गेला.

दोनला त्याचा फोन आला. मी फोन खांद्यात आणि कानात धरला, एका हातात भांडं, दुसऱ्यात पळी. तो चित्र दाखवायच्या खटपटीत होता, पण कानाला लावण्याआधी मला नुसतं मंडपाचं छत दिसलं होतं. मी म्हटलं, चित्र नको, फोन कढईजवळ धर आणि गप राह्य.

मग आवाज आला. मोठे, मोकळे बुडबुडे, खळखळ. पाणी भरपूर होतं अजून. मी म्हटलं, आग थोडी कमी करा. भांडी लावत मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. कोंबड्या गोळा झाल्या आणि एकच कलकलाट उठला.

"मांगं काय गोंधळ हाय बे?"

"कोंबड्या."

तिकडे कोणीतरी हसलं, मग कोणी हसलं नाही. कढईभोवती किती माणसं उभी होती कोण जाणे. सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

"बरं," उत्तम म्हणाला. "सांग."

मी ऐकत राहिलो. खळखळ बारीक होत गेली. बुडबुडे लहान झाले, आवाज जवळ जवळ येत गेला, जसा दुरून येणारा घोळका गल्लीत शिरल्यावर येतो. पांढऱ्या कोंबडीला मी मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होतो. तिच्या गळ्यातून घोट खाली उतरताना बोटांना कळत होता. मग पाकाचा आवाज जड झाला. तोच क्षण. मंडप लांब गेला, शेडही लांब गेलं.

"उतरव," मी म्हटलं.

"तार पाहू का?" हा दीपकचा आवाज.

"पाहू नको. उतरव आधी."

कढई जमिनीवर टेकल्याचा आवाज ऐकला. मग फोन बंद झाला. पांढरी कोंबडी उठून उभी राहिली, अंग झटकलं आणि माझ्या धोतरावर घाण करून निघून गेली.

१२ एप्रिल, शनिवार

पंगतीला गेलो. जाऊ नये असं आधी वाटलं होतं, पण प्रसादावर रुसणं बरं नाही. मधल्या ओळीत बसलो. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. दीपक बुंदी वाढत आला, माझ्यासमोर थांबला, एक पळी वाढली, पुढे गेला, परत आला आणि आणखी एक वाढली.

पाक बरोबर होता. वेलची जास्त झाली होती. दाणा तोंडात घेतला तेव्हा मला माझं काम कळलं, जसं आपल्या मुलाचं पाऊल अंगणात न बघता कळतं.

भोंग्यावरून देणगीदारांची नावं घेतली, मंडपवाल्याचं, पाण्याच्या टँकरवाल्याचं, आचारी म्हणून दीपकचं. माझं घेतलं नाही ते बरंच झालं. घ्यायचं तर कोंबड्यांचंही घ्यावं लागलं असतं.

हात धुताना उत्तम शेजारी उभा होता. "गोड झाली," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." तो अजून काही म्हणेल असं वाटलं, पण लोक होते.

१५ एप्रिल, मंगळवार

काल उत्तमचा फोन आला. म्हणाला, दीपकला पाक शिकव, पुढच्या वर्षी पुन्हा दगड नको. मी म्हटलं शिकवीन. मंदिरात ये, म्हणाला. मी वेळ विचारली. दुपारी, म्हणाला, तवा पोरगा रिकामा असते. मी म्हटलं, दुपारी मले इथंच राहावं लागते. शेवटी म्हणाला, पाठवतो.

आज दोनच्या आधीच दीपक आला. पांढरी पँट, चांगले बूट. जाळीच्या दाराशी घुटमळला. मी आधी त्याला बादली दिली. त्यानं भांडी भरली, पोती भिजवायला अर्पिताला हात दिला, एकदा कोंबडीला घाबरून मागे सरला आणि तूस उडालं. कोंबड्या निवल्या तेव्हा मी शेडबाहेर निंबाखाली तीन दगडांची चूल मांडली आणि लहान पातेल्यात राजकुमारचा पाक चढवला.

"डोळे मिट," मी म्हटलं. "ऐक."

"काका, मले तं नुसतं उकळताना ऐकू येते."

"तेच ऐक."

पहिल्यांदा त्यानं लवकर उतरवला. दुसऱ्यांदा उशिरा. तिसऱ्यांदा बोलत बसला आणि पाक करपला. त्याचा वास लागून अर्पिता बाहेर आली आणि हसत आत गेली. चौथ्यांदा त्यानं मला न विचारता पातेलं उतरवलं. पळीतला थेंब निवेपर्यंत थांबला, बोटात घेतला आणि अंगठा सावकाश दूर नेला. एक तार. न तुटणारी, उन्हात लख्ख, दोन्ही बोटांमध्ये थोडी खाली झुकलेली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. जाळीचं दार अर्धं उघडं राहिलं होतं. एक तांबडी कोंबडी चालत आली, मान वाकडी करून तिनंही ती तार पाहिली, आणि टुणकन उडी मारून चोचीत घेतली.

दीपक हसता हसता खाली बसला, पांढऱ्या पँटीसकट, मातीत. मग त्याचं हसू ओसरलं.

"काका, त्या शनवारी मी इचारलं नसतं तं बरं झालं असतं."

"तुले मानसं मोजाची होती. तू इचारलं."

तो बोटाला लागलेला पाक मातीनं पुसत होता. "पुढच्या वर्षी मले कोनी इचारलं, तू त्याइच्या कोंबड्यात जात होता म्हने, तं काय सांगू?"

मी खरं सांगितलं तेव्हा काय झालं ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे, आणि लपवायला मी कोणाला कसं शिकवू.

"सांग, पाक तिथंच शिकलो म्हनून," अर्पिता आतून म्हणाली.

त्यानं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते मला दिसलं नाही. मग तो उठला, पातेल्यात नवा पाक ओतला, चुलीवर ठेवला आणि डोळे मिटले.